प्राथमिक शाळेतल्या मुलांना रस्त्यावरची सुरक्षितता आणि मदत करणारी माणसं कशी शिकवावीत?

नुसता तक्ता लावून सिग्नलचे रंग पाठ करून घेतले की झालं असं नसतं हो. मी तिसरीच्या पोरांना मैदानात घेऊन जाते, फक्कीने झेब्रा क्रॉसिंग आखते, अर्धी मुलं गाड्या होतात अर्धी रस्ता ओलांडतात, आधी उजवीकडे बघायचं मग डावीकडे आणि परत उजवीकडे, कारण आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात म्हणून पहिली गाडी अंगावर येते ती उजवीकडूनच. कारण कळलं की पोरं विसरत नाहीत. आणि थांबलेल्या एसटीच्या पुढून पळायचं नाही म्हणजे नाही! एकदा मी एका मुलाला कपाटामागे उभं केलं, तिथून तो ओरडला "बाई, मला काहीच दिसत नाय", म्हटलं बघ, तसाच तू पण ड्रायव्हरला दिसत नाहीस.

मदतीचं म्हणाल तर पांढरा शर्ट खाकी पँटवाले ट्रॅफिक पोलीस, एसटीचे कंडक्टर, १०८ची ॲम्ब्युलन्स हे सगळं ओळखीचं करून द्या, जमलं तर पोलीसदादांना वर्गात बोलवा म्हणजे भीती जाते. ११२ (पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीचा नंबर) आणि १०८ पाठ हवेतच, पण फोनवर जागा सांगता आली पाहिजे, "मारुतीच्या देवळासमोर, पाण्याच्या टाकीजवळ" असं, याची खेळण्यातल्या फोनवर प्रॅक्टिस घ्या.

पालकांनाही सांगा, चार वर्षांवरच्या मुलाला टू-व्हीलरवर हेल्मेट कायद्याने लागतंच, तेही त्याच्या मापाचं.