एकच टिक

‘मॅडम, नेट गेलं की माझा जीव कासावीस होतो. मला व्यसन लागलंय का?’ हा प्रश्न हल्ली मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारे सगळेच कॉलेजातले नसतात. ही हकिकत मिरजेच्या 61 वर्षांच्या काकूंची. त्यांची परवानगी आहे; ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकूंना भाची घेऊन आली. मावशी रात्री दोनला उठून मोबाईल बघते, ताटावर बसून बघते, वायफाय बंद पडलं की घरभर येरझाऱ्या घालते. भाचीने वैतागून दोन दिवस मोबाईल कपाटात ठेवला, तर मावशीने अन्न सोडलं. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण असं हिसकावून घेऊ नये. माणूस कशाला धरून बसलाय हे कळण्याआधी त्याचा हात सोडवायचा नसतो.

मी काकूंना एक वही दिली. उद्या नेट कायमचं गेलं तर सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय अडेल, ते लिहून आणा म्हटलं. पुढच्या वेळी त्या दोन पानं भरून घेऊन आल्या. लाइट बिल, गॅसचा नंबर, भाजीवाल्याचं स्कॅन, सकाळचं कीर्तन, भिशीचा ग्रुप. प्रत्येकापुढे उपायही त्यांनीच लिहिला होता: रांगेत उभी राहीन, रोख देईन, देवळात जाईन. शेवटची ओळ मात्र अर्धवट होती. ‘मुलगा ठीक आहे हे मला कसं’

मुलगा टोरांटोत. काका चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पोचला होता. त्यानंतर काकूंचं सगळं लक्ष व्हॉट्सअ‍ॅपच्या टिकांवर. दोन टिका दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. एकच राहिली की फोन बंद का, अपघात तर नाही ना, असं सुरू. 4 ऑक्टोबर 2021च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं, ती रात्र त्यांनी देवासमोर बसून काढली. ‘साधा फोन का नाही लावलात?’ मी विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘सुचलंच नाही हो.’

नेट या बाईंची गरज होती, पण त्रास होत होता तो तपासण्याचा. टिक बघितली की घटकाभर बरं वाटतं, म्हणून मन पुन्हा तेच मागतं, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. खाज सुटल्यासारखं; खाजवाल तितकी वाढते. बंदीने हे जात नाही. बघण्याआधी थोडं थांबायचं, आणि ती अस्वस्थता आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ‘इंटरनेटचं व्यसन’ म्हणून वेगळं निदान नाही. तरी झोप, काम, नाती बिघडत असतील आणि ठरवूनही हात थांबत नसेल, तर मदत घ्यावी. काकूंची झोप गेली होती, एवढं कारण पुरेसं होतं.

सुरुवात कुठून करायची हे त्यांनीच सुचवलं. त्यांचं माहेर कडेगावकडचं. तिथल्या मोहित्यांच्या वडगावात 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. ‘मी पण सातला ठेवीन फोन,’ त्या म्हणाल्या. तेव्हा टोरांटोत सकाळ असते, मुलगा कामाला निघालेला. पहिले चार दिवस त्यांना वीस मिनिटंच जमलं, तेही हातात जपमाळ घेऊन. मी वीसच ठेवा म्हटलं. मुलाशीही बोलले: रविवारी ठरलेल्या वेळी फोन, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या मित्राचा नंबर आईकडे. त्याला आईच्या या रात्री माहीतच नव्हत्या. तो बराच वेळ गप्प होता.

भाचीला मी एकच काम दिलं. फोन ठेवलेल्या त्या वेळात मावशीकडे जाऊन बसायचं.

पाचव्या भेटीत काकूंनी मुलाचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. काकांच्या दुकानाचा जुना लँडलाइन नंबर त्यांना अजून येत होता. मुलाचा आजवर कधी पाठ केला नव्हता. शेवटून तिसरा आकडा चुकला. त्यांनी पिशवीतून वही काढली, बोट ठेवून तपासला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या.