देणगीपेक्षा ऑर्डर द्या, आणि बिल वेळेवर चुकवा

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या तुमच्या कंपनीला टेकमधल्या कृष्णवर्णीय उद्योजकांना मदत करायची आहे, तर पैसे कुठे द्यावेत? मी बरीच वर्षं अटलांटात आहे, छोट्या आयटी कंपन्यांची टेंडरं आणि हिशेब यांत हातभार लावतो. माझं उत्तर: देणगी नंतर, आधी काम द्या.

धंद्याचा पहिला पैसा बहुतेकदा घरातून येतो. आईवडील, काका, घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत संपत्तीच्या क्रमात बरोबर मधोमध असलेल्या गोऱ्या कुटुंबाकडे सुमारे २,८५,००० डॉलर होते, कृष्णवर्णीय कुटुंबाकडे ४५,००० च्या आसपास. इथल्याच कॅलेंडलीचं, म्हणजे भेटीच्या वेळा ठरवून देणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचं, उदाहरण सगळे देतात. कृष्णवर्णीय उद्योजक टोपे अवोटोना यांनी २०१३ मध्ये स्वतःची सगळी बचत ओतून ती उभी केली, २०२१ मध्ये तिचं मूल्य ३ अब्ज डॉलरच्या घरात गेलं. मला मात्र ती बचत दिसते. ओतायला काहीच नसलेली माणसं किती गुणी होती, हे आपल्याला कधी कळतच नाही.

अनुदानांचा भरवसा आता धरता येत नाही. अटलांटाचाच फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या व्यवसायांना २०,००० डॉलर देत होता. २०२३ मध्ये त्यावर वंशभेदाचा खटला झाला, तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली. गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला हा कायदा! २०२४ मध्ये अपील कोर्टाने अनुदान रोखलं आणि तडजोडीत ती योजना बंद झाली. मला त्याचा अजून संताप येतो.

ऑर्डरीने काय होतं, ते या शहराने पाहिलंय. १९७३ साली निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन अडून बसले, की विमानतळाच्या विस्तारातलं २५ टक्के काम अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळालंच पाहिजे. १९८० मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, आणि त्या कामावर इथल्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली, तिच्यासमोरही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजकांचा दाखला होता. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी सरकारी खरेदीतले ४ टक्के आहेत, तेही याच वाटेवरचं पाऊल.

पण नुसती ऑर्डरही पुरत नाही. मी मदत करत होतो त्या एका बाईंना मोठ्या कंपनीकडून हेल्पडेस्कचं उपकंत्राट मिळालं. सहा माणसं, दर दोन आठवड्यांनी पगार. पहिलं बिल निघालं ८७ दिवसांनी. तोवर पगाराच्या सहा फेऱ्या क्रेडिट कार्डावर गेल्या होत्या, आणि नफा व्याजात. काम उत्तम होतं, कोणाची तक्रार नव्हती. तरी पुढच्या वर्षी त्यांनी ते सोडलं.

म्हणून तुमच्या खरेदी विभागात बसून एखादं छोटंच काम निवडा: वेबसाइटची देखभाल, सायबर तपासणी, डेटाची साफसफाई. वर्षाचा करार करा, थोडी रक्कम आगाऊ द्या, पंधरा दिवसांत बिल चुकवण्याची अट लेखी घाला. आणि सही करण्याआधी अकाउंट्समधल्या माणसाला त्या बैठकीला बोलवा, कारण बिल अडतं ते त्याच्याच टेबलावर.