चिरमुऱ्याच्या मापाची शीग

प्रिय पोरी,

पत्र पोचलं. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला किराणा दुकानदाराचा बाहुला तुझ्या हाताला मिळाला, हे वाचून फार बरं वाटलं. आशीर्वाद तर आहेतच.

‘दुकानदार सदा आनंदी हवा’ असं तुला सांगितलंय आणि तू विचारतेस, आनंद दाखवायचा कसा. अगं, हसू तर बाहुल्याच्या तोंडावर शिवलेलंच असतं. तू त्याला ऐकायला शिकव. गिऱ्हाईक बोलत असताना त्याच्याकडेच बघू दे, मान किंचित कलती. मग नजर डब्याकडे आणि परत गिऱ्हाइकाकडे. एवढं जमलं की मुलं त्याला ‘काका’ म्हणून हाक मारतील.

तोंडाची उघडझाप मात्र घोटून घे. ‘साखर’ला जबडा दोनदा उघडायचा, ‘चिरमुरे’ला तीनदा. अक्षर बाहेर पडताना अंगठा खाली जायला हवा. नवखा हात नेमका त्याच वेळी तोंड मिटतो. माझंही तसंच व्हायचं. पहिल्याच खेळात पुढं बसलेल्या एका मुलीनं माझ्या म्हाताऱ्या बाहुल्याकडं बघून आईला विचारलं, “आजोबा काय चघळालेत?” त्या रात्री मी आरशासमोर बसून घरातल्या सगळ्या डब्यांची नावं म्हटली. तूही म्हण, रोज दहा मिनिटं. टीव्हीचं काम आणखी अवघड, कारण हात डोक्याच्या वर धरलेला आणि डोळे मॉनिटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर. त्यात दिसतं ते आरशासारखं नसतं. तू उजवीकडं सरकलीस की बाहुला पडद्यावर डावीकडं जातो. पहिले काही दिवस डोकं गरगरेल, घाबरू नको.

अमेरिकेत 1969 साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं, त्यातही एक दुकानदार होता, मिस्टर हूपर. तो बाहुला नव्हता, माणूसच होता. विल ली नावाचे नट ते काम करायचे. बिग बर्ड हा भला मोठा पिवळा पक्षी त्याचं नाव हमखास चुकवायचा आणि तो दरवेळी दुरुस्त करायचा. 1982 मध्ये विल ली वारले. कार्यक्रमवाल्यांनी दुसरा नट आणून उभा केला नाही. पुढच्या वर्षी एका भागात मुलांना सरळ सांगितलं, हूपर गेले, आता परत येणार नाहीत. गल्लीतल्या दुकानदारावर पोरांचा किती जीव असतो, हे त्या लोकांना कळलं होतं.

तुझा दुकानदार मात्र आपल्या बेळगावचा असू दे. एका सकाळी रविवार पेठेत जा आणि नुसती उभी राहा. एकाच दमात “या मावशी, काय देऊ?” आणि “बर्री अक्का, एन बेकु?” म्हणणारी माणसं तिथं भेटतील. त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नकोस. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारं पोर टीव्हीसमोर बसलेलं असणार. आपली दोन्ही बोलणी दुकानात चालतात हे त्याला दिसलं पाहिजे. लिहिणारे कुरकुरतील, तरी धरून बस. दुकानात मांडायला गोकाकची लाकडी फळं-भाज्या आण, प्लॅस्टिकची नकोत.

आणि चिरमुरे खरेच घे. माप भरताना त्याला शीग लावू दे, म्हणजे काठाच्या वर ढीग येईस्तोवर भरू दे, चार दाणे फळीवर सांडू देत, ते त्यानं उचलून पोराच्या हातावर ठेवू देत. बाहुल्याच्या बोटांनी दाणे उचलता येत नाहीत, म्हणून तो हात जिवंत माणसाचा हवा, हातमोजा घातलेला. म्हणजे जोडीला एक माणूस लागेल. तुझ्या श्वासाबरोबर श्वास घेणारा बघ.

आमच्या शहापूरच्या घरी माळ्यावर पितळी तराजू आहे. एक पारडं जरा जड आहे, दुसऱ्याला पासंग, म्हणजे बरोबरीपुरतं वजन, लावावा लागेल. दिवाळीच्या आत येऊन घेऊन जा. येताना बाहुलाही आण, मला त्याचे डोळे बघायचेत.

तुझा,
काका