जळक्या ऑइलचा वास येतोय? आधी हे बघ

घाट चढताना गाडीतून जळका वास आला म्हणतोस, तर आधी क्लच जळत नाही ना ते ओळख. क्लचचा वास कागद जळाल्यासारखा कोरडा. ऑइलचा तेलकट, घशाला लागणारा. नुकतंच ऑइल बदललं असेल तर सांडलेले थेंब थोड्या फेऱ्यांत जळून जातात. नाहीतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॉनेट उघड, टॉर्च घे आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेने बोट फिरवून ऑइल लागतंय का बघ. बहुतेकदा तिथलं पॅकिंग (झाकणाखालची ऑइल अडवणारी पट्टी) कडक होऊन ऑइल खाली गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, ठिबकतं. बोल्ट जोर लावून आवळू नकोस, कव्हर तडकतं. पॅकिंगच नवीन टाक. तोवर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, रोज बघ. आणि मॅनिफोल्डवरून धूर निघत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंदच कर रे, आग लागू शकते.