रेड डेडमधल्या बंदुका: जिथे थांबावं लागतं, तिथे खऱ्या

तुमचा प्रश्न असा, की तिघे मित्र मिळून १८९७ च्या आसपासच्या मावळात घडणारा छोटा साहसी गेम बनवताय, नमुना म्हणून अमेरिकेतल्या काउबॉयांच्या काळातला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम समोर आहे, तर त्यातल्या बंदुका कितपत खऱ्या आणि तशाच उचलल्या तर चालेल का. मी कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली, एका कॅम्पला एसएलआर ही लष्करी रायफल. गेली बारा वर्षं पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर १० मीटर एअर रायफल मारतोय आणि हा गेम दोनदा शेवटापर्यंत खेळलोय. विषय जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिसण्याच्या बाबतीत हा गेम फार मेहनतीने केलाय. कथा १८९९ मधली. नावं पुष्कळदा बदललेली आहेत, पण ओळखू येतात. ‘कॅटलमन’ म्हणजे कोल्टचं १८७३ चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर. ‘स्कोफिल्ड’ हे स्मिथ अँड वेसनचं १८७५ चं, मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर. नुसतं ‘बोल्ट ॲक्शन’ म्हटलेली रायफल म्हणजे क्राग-यॉर्गेनसन, अमेरिकी लष्कराने १८९२ मध्ये स्वीकारलेली. ठळक चूक सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची. ती सरळसरळ ब्राउनिंगची ऑटो-५ आहे आणि ती बाजारात आली १९०२ मध्ये. तीन वर्षांचा फरक. मी तरी तो माफ करतो.

कारण साल चुकलं की वाचून दुरुस्त करता येतं. बंदूक हातात धरल्यावर माणसाचं काय होतं, ते चुकलं तर सगळंच खोटं वाटतं. माझं मत असं, की हा गेम जिथे जिथे खेळणाऱ्याला खोळंबवतो तिथे खरा आहे आणि जिथे त्याला मोकळं सोडतो तिथे खोटा.

कॅटलमनचंच घ्या. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप ओढल्यावर फक्त घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा हातोडा, पडतो. तो मागे तुम्हालाच ओढावा लागतो, दर गोळीला, अंगठ्याने. गेममध्ये एक गोळी झाडल्यावर बटण पुन्हा दाबलं की घोडा मागे जातो आणि मगच पुढची गोळी. पुष्कळांना हे कटकटीचं वाटलं. मला वाटतं, अख्ख्या गेममधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच. त्या एका सेकंदात समोरचा माणूस पिंपामागे सरकतो आणि तुमचा नेम हलतो. तुमच्या गेममध्ये एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

भरण्याचंही तसंच. कोल्टच्या बाजूला एक छोटी फट असते, तिथून झाडलेल्या काडतुसाची एकेक रिकामी पुंगळी दांडीने ढकलून बाहेर काढायची आणि एकेक काडतूस आत सारायचं. गेममध्ये हे दिसतं, पण फार झटपट उरकतं. खऱ्या आयुष्यात थंडीने बोटं आखडलेली असतील किंवा हात थरथरत असतील तर अर्धा मिनिट सहज जातो. आणखी एक बारकावा: त्या काळी जाणती माणसं सहा घरांत पाचच काडतुसं ठेवत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत, कारण घोड्यावर नुसता ठोका बसला तरी बार उडायचा. गेममध्ये सहाच्या सहा भरून दौडत जातात.

आता धूर. इथे गेम कमी पडतो आणि तुमच्या काळासाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. धूर न करणारी बंदुकीची दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये तयार झाली, पण १८९० च्या दशकात जगभर काळी दारू सर्रास वापरात होती. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भागाचा वायू होतच नाही, तो धूर आणि काजळी होऊन उरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेठेतल्या अरुंद बोळात ओळीने चार-पाच भुईनळे लावल्यावर समोरचा वाडा दिसेनासा होतो ना, तसं. वारा नसेल तर तिसऱ्या बारानंतर तुम्ही नेम कशावर धरताय तेच कळत नाही आणि समोरच्याला मात्र तुमची जागा पक्की कळते. भीमाशंकरच्या रानात, धुक्यात, हे गेमसाठी केवढं मोठं साधन आहे बघा.

बंदूक मळते हेही गेमने घेतलंय, कौतुक वाटतं. चिखलपाण्यात गेली, जास्त वापरली की तिचा जोर उतरतो आणि तेल लावून पुसावी लागते. फक्त काळ्या दारूची काजळी तेलाने निघत नाही. ती हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. आधी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल. मावळातला श्रावण आठवा. रात्री न धुता ठेवलेली बंदूक किती लवकर गंजेल, हे कोकणदिव्याच्या आसपास चार दिवस पावसात काढलेल्या कुणालाही सांगायला नको.

गोळ्यांच्या वजनाबद्दल थोडक्यात. .४५ कोल्टची शंभर काडतुसं अडीच किलोच्या आसपास भरतात. गेममध्ये माणूस त्याहून जास्त अंगावर घेऊन पळतो. गोळी जमिनीकडे झुकते, हेही मला गेममध्ये कधी जाणवलं नाही. स्प्रिंगफील्ड रायफलची जड .४५-७० गोळी २०० यार्डांवर पोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून मीटरभर खाली आलेली असते.

आवाजाबद्दल मात्र थांबून लिहावंसं वाटतं. .२२ रायफल म्हणजे फटाका. एसएलआरचा पहिला बार मी मारला तेव्हा खांद्यापेक्षा कानांनी आधी दगा दिला. शिकवणाऱ्या उस्तादांनी कानात घालायला कापसाचे बोळे दिले होते, माझा एक निसटला होता. बार झाला आणि जग गप्प झालं. उस्ताद माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होते आणि मला फक्त त्यांच्या मिशा हलताना दिसत होत्या. कानात शिट्टी वाजायला लागली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. रायफलचा आवाज १६० डेसिबलपर्यंत जातो आणि १४० च्या पुढे एकाच आवाजाने कान कायमचा अधू होऊ शकतो. गेममध्ये बंद खोलीत दहा-वीस बार होतात आणि लगेच दोघं हलक्या आवाजात बोलतात. तुम्ही असं करू नका. दोन सेकंद आवाज काढून घ्या, नुसती शिट्टी ठेवा, संवाद अर्धवट ऐकू येऊ द्या. याला पैसे लागत नाहीत.

त्याच कॅम्पची दुसरी गोष्ट. फायरिंग संपलं की रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्यायच्या, हा नियम. त्या दिवशी एक कमी भरली. आम्ही चाळीस पोरं गुडघ्यावर बसून, बोटांनी गवत विंचरत संध्याकाळपर्यंत ती शोधत होतो. शेवटी एकाच्या दुमडलेल्या बाहीत सापडली. अजून गरम असेल असं उगाच वाटलं मला. ती हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की एका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. गेममध्ये पुंगळी जमिनीवर पडते आणि नाहीशी होते.

आता तुमच्या मावळाकडे. रेड डेडमधली शस्त्रं जशीच्या तशी इथे आणू नका. तिथे कुणीही दुकानात जाऊन रायफल घेतो. इथे १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता, परवान्याशिवाय हिंदी माणसाला शस्त्र बाळगता येत नव्हतं. गावात बंदूक असेल तर ती रानडुकरांपासून शेत राखायला, परवान्याची, ठासणीची. दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, ठिणगी देणारी टोपी बसवायची आणि एक बार. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शिपायांच्या हाती काय द्यायचं, तर १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं हत्यार देण्याचं धोरण होतं. गोऱ्यांकडे एकापाठोपाठ गोळ्या झाडणाऱ्या ली-मेटफर्ड रायफली आल्या तेव्हा हिंदी शिपायाकडे मार्टिनी-हेन्री होती. एकेक काडतूस घालायची, खालचा दांडा ओढला की पुंगळी बाहेर फेकणारी, खांद्याला जबर धक्का देणारी. हा फरकच तुमच्या खेळातली चढाओढ ठरवू शकतो. काडतुसं कुठून आली असाही प्रश्न कथेत येईल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे गेममधल्या कोल्टपेक्षा चार वर्षांनी थोरला आहे. तो तुमच्या नकाशात यायलाच हवा.

शेवटचं, नेमाबद्दल. गेममध्ये वेळ मंदावतो आणि लक्ष्यांवर खुणा करता येतात. खेळायला मजा येते, पण नेम लागण्यामागे काय असतं ते त्यात हरवतं. १० मीटरवर आमच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि तरीही माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलताना दिसते. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप सुटला पाहिजे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) ब्राँझ घेऊन आला, त्याचा सराव बालेवाडीलाच झालाय. त्या अंतिम फेरीतले त्याचे थांबे बघा. चार सेकंद, सहा सेकंद, कधी रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात. तुमच्या गेममध्ये धावत आलेल्या माणसाचा नेम हलू द्या आणि उभं राहून श्वास खाली आला की तो स्थिर होऊ द्या, एवढं जमलं तरी पुष्कळ.

मी रविवारी सकाळी सात ते नऊ रेंजवर असतो. तिघेही या, रेकॉर्डर आणा. एअर रायफलचा आवाज तुमच्या कामाचा नाही, पण नेम धरताना माणूस श्वास कसा घेतो आणि कुठे थांबवतो, ते जवळून टिपता येईल.