आर्किटेक्चर शिकतानाच आदिवासी समाजाबरोबर खरं घर बांधायला मिळतं, असा अभ्यासक्रम कुठे आहे का?

हो, आहे: अमेरिकेत युटा विद्यापीठाचा 'डिझाइनबिल्डब्लफ'. हँक लुईस यांनी २००० साली सुरू केलेल्या या उपक्रमात विद्यार्थी नवाहो या तिथल्या आदिवासी समाजातल्या एखाद्या कुटुंबासाठी आधी आराखडा करतात, मग ब्लफ या छोट्या वाळवंटी गावात मुक्काम ठोकून ते घर स्वतःच्या हातांनी उभं करतात. बांधून झालेल्या घरांचे प्रसिद्ध तपशील वाचून सांगतोय. सुरुवातीच्या एका घराला चोपून घट्ट केलेल्या मातीची जाड भिंत आहे, ती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते. छप्पर मध्यभागी खोलगट, म्हणजे पावसाचं पाणी एका जागी येऊन टाकीत जातं. नवाहो प्रदेशात आजही कित्येक घरांना नळ नाही, पाणी गाडीतून आणावं लागतं. तिथे छपराचा उतार काढणं म्हणजे पाण्याचाच हिशोब करणं. हे शिक्षण ड्रॉइंग बोर्डावर मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र सत्र संपलं की विद्यार्थी परततात आणि देखभाल कुटुंबाच्या गळ्यात पडते. म्हणून अशा कुठल्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी विचारा: आराखड्यावर शेवटचा शब्द कुटुंबाचा असतो का, आणि दोन वर्षांनी छप्पर गळलं तर कोण येतं?