‘लाइट ड्युटी’ म्हणजे नेमके काय? कामावर परतणाऱ्यांचे प्रश्न

कारखान्याचे डॉक्टर म्हणतात अनफिट, पुनर्वसनवाले म्हणतात काम जमेल, आणि कामगार घरीच. पत्रे कमी-अधिक फरकाने याच घोळाची येतात, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : ऑक्युपेशनल हेल्थ आणि ऑक्युपेशनल थेरपी एकच ना?

नाही. पहिल्यात डॉक्टर कामामुळे होणारे आजार रोखतात आणि कामासाठीची तंदुरुस्ती तपासतात. दुसऱ्यात थेरपिस्ट हाता-पायांचे गेलेले कसब परत मिळवून देतो. नवे काम आणि त्याचे प्रशिक्षण पाहणारा व्यवसाय-पुनर्वसन सल्लागार हा तिसरा.

प्रश्न : पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणारे यंत्र) उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. आठ आठवडे झाले. डॉक्टरांनी ‘लाइट ड्युटी’ लिहून दिली. एचआर म्हणते, आमच्याकडे लाइट ड्युटी नाही, पूर्ण फिट होऊन या. काय करू?

‘लाइट ड्युटी’ हे दोन शब्द सर्टिफिकेटवरून हद्दपारच करायला हवेत. त्यातून सुपरवायझरला काहीही कळत नाही. तो आज झाडू देतो, उद्या पॅकिंगला उभे करतो आणि माणूस कमी पडला की चौथ्या दिवशी पुन्हा प्रेसवर पाठवतो. नाहीतर एचआर हात वर करते, तुमच्याकडे झाले तसे.

कागदावर आकडे हवेत. नमुना असा: ‘कमरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी 5 किलोपर्यंत, तासाला 20 वेळा, हँड ग्राइंडर नाही, रोज 4 तास, 2 आठवड्यांनी फेरतपासणी.’ तुमचे आकडे तपासणीवरूनच ठरतील, हे उतरवून नेऊ नका.

हे आकडे एकट्याने ठरवायचे नसतात. थेरपिस्ट डायनामोमीटरवर मुठीची ताकद तीनदा मोजतो, सरासरी काढतो, डाव्या हाताशी ताडून पाहतो. पण क्लिनिकमधली कोरडी मूठ वेगळी आणि प्रेसच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, उचलायचा पत्रा वेगळा. पत्रा तेलकट असतो, कडेला धार असते, तो हातमोज्यातून धरावा लागतो. बोटाच्या खुंटाला गार लोखंड लागले की झिणझिण्या येतात. हे कारखान्याच्या डॉक्टरांना ठाऊक असते, निदान असायला हवे. म्हणून दोघांनी मिळून मशीनपाशी अर्धा तास उभे राहावे. पत्र्याचे वजन किती, तो कुठल्या उंचीवरून घेतात, मिनिटाला प्रेसचे स्ट्रोक (दाब) किती, प्रेस चालवायला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे दाबायला जोर किती लागतो, हे टिपून घ्यावे. बटणांकडे विशेष पाहावे. एका हातात जोर नसला की जुन्या प्रेसवर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची युक्ती निघते आणि मोकळा झालेला हात डायखाली जातो. दुसरा अपघात असा होतो.

‘आधी पूर्ण बरे व्हा, मग बघू’ हा क्रमच उलटा आहे. कॅनडात शेरब्रुकला पाठदुखीने चार आठवड्यांहून जास्त गैरहजर असलेल्या कामगारांवर उपचार आणि कामाच्या जागी बदल, दोन्ही एकाच वेळी केले. 1997 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नेहमीच्या उपचारांपेक्षा ते सुमारे 2.4 पट वेगाने मूळ कामावर परतले. पाठ वेगळी, हात वेगळा, हे मान्य. पण तुमच्या बाबतीत आठ आठवड्यांत थेरपिस्टने कारखान्याला एक फोनही केलेला दिसत नाही! या आठवड्यातच परवानगी घेऊन तुमच्या कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ थेरपिस्टला दाखवा आणि कारखान्याच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.

प्रश्न : कामावर रुजू झाले की ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कायमची पेन्शन बुडते म्हणतात. खरे का?

ऐकीव गोष्ट. रुजू झाल्यावर बंद होतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, सरासरी रोजाच्या 90 टक्क्यांचा. कारण पगार सुरू झालेला असतो. कायमच्या अपंगत्वाचा लाभ मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या टक्क्यांवर मिळतो आणि नोकरी करतानाही चालू राहतो. टक्क्यांचा तक्ता कायद्यातच आहे: पूर्ण तर्जनी 14, एका हाताची दोन बोटे 20, अंगठा 30. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला चहासुद्धा पाजू नका. शंका असेल तर थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा.

प्रश्न : नवे काम शिकायला ईएसआय पैसे देते का?

देते, पण इजा कामावरची, अपंगत्व किमान 40 टक्के आणि वय 45 पर्यंत हवे. वर सांगितलेल्या दोन बोटांचे 20 टक्के इथे पुरत नाहीत. अशा माणसाला त्याच कारखान्यात बदललेले काम मिळवून देणे हाच खरा मार्ग उरतो आणि तेवढ्यासाठीच डॉक्टर आणि थेरपिस्ट एकमेकांशी बोलायला हवेत. मुंबईत सायनला दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. कोणते कागद लागतात ते आधी विचारून मगच फेरी मारा.

प्रश्न : मी एचआरमध्ये आहे. डॉक्टरांकडून पूर्ण रिपोर्ट मागवू का?

नको. काय जमते, काय जमत नाही, कधीपर्यंत, एवढे पुरे. आजार कोणता, हे निदान तुमच्या फाइलमध्ये यायचे नाही. जास्त हवे असेल तर कामगाराची लेखी संमती घ्या.

प्रश्न : भावाचा हात कोपराखाली तुटला. एक दुकानदार ‘रोबोटिक हात’ लावून महिन्यात कामावर पाठवतो म्हणतो. पैसे भरू का?

आत्ता नको. खुंटाची सूज उतरून आकार स्थिर झाल्याशिवाय सॉकेटचे (खुंट ज्यात बसतो त्या खोबणीचे) माप टिकत नाही. महिन्याभरात सॉकेट सैल होतो आणि पुन्हा बिल येते. शिवाय असे हात कोपराखालच्या उरलेल्या स्नायूंच्या सूक्ष्म विद्युत संकेतांवर चालतात. कूलंट, तेल आणि लोखंडाचा भुसा त्यांना मानवत नाही. बऱ्याच कामगारांना साधा हुकच जास्त उपयोगी पडतो. आधी हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत दाखवा, भाऊ कोणते काम करायचा ते लिहून न्या, आणि दुकानदाराकडून बॅटरी व सुट्या भागांची किंमत लेखी मागा.